लोहगाव की पुरंदर?

पुण्यात विमानतळाचा विषय निघाला की घरातच दोन तट पडतात: सध्याचा लोहगावचा बरा, की पुरंदर तालुक्यात होऊ घातलेला नवा? माझं मत आधीच सांगतो: लोहगाव सोयीचं, पण त्याला अंग पसरायला जागा नाही.

मूळ दुखणं धावपट्टीचं. ती हवाई दलाची, प्रवासी विमानं तिथं पाहुणी. ऑक्टोबर 2021 मध्ये दुरुस्तीसाठी ती 14 दिवस बंद होती, तेव्हा अख्ख्या शहराची विमानसेवा थांबली. जुलै 2024 मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं. ऐसपैस आहे, मान्य. पण इमारत वाढली म्हणून धावपट्टी लांबत नाही, आणि इंधनानं भरलेल्या मोठ्या विमानाला उडायला लांबी लागतेच. म्हणून अमेरिकेला निघालेला पुणेकर अजूनही रात्री बॅगा डिकीत कोंबून मुंबईचा एक्स्प्रेसवे धरतो.

पुरंदरला ही अडचण नाही. आखणीच मोठ्या विमानांसाठी. मात्र ती जमीन मोकळी पडलेली नाही. वनपुरी, पारगाव, कुंभारवळण अशा 7 गावांतली ती शेतं आहेत. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पानांवर निगुतीनं रचलेली ती अंजिरं सासवडला हातात घेतली, की मोबदल्याचा आकडा कितीही मोठा असला तरी बागायतदार का अडून बसतो ते कळतं.

आणि कोथरूडकरांनो, सकाळी सहाच्या विमानासाठी दिवे घाट चढायचा म्हणजे गजर कितीचा लावाल?

तरी माझी पसंती पुरंदरलाच, मोबदला आणि पुनर्वसन आधी झालं तर. तोवर लोहगावच्या वाटेवरची विमाननगरची कोंडी आहेच.