ॲपल्टन 21 की हार्ट्स 1999: वय एकच, बाटल्या दोन

जमैकाची जुनी रम एकदा तरी घ्यायचीच, असं ठरवून पैसे बाजूला ठेवले असतील तर या दोन बाटल्यांशी येऊन अडायला होतं. एक ॲपल्टन इस्टेटची 21 वर्षांची, 43 टक्के अल्कोहोलची. दुसरी त्याच घराण्यातली, हार्ट्स कलेक्शन या मालिकेतली 1999, म्हणजे त्या साली गाळलेली. तीही 21 वर्षांचीच, पण 63 टक्क्यांची. किंमत मात्र कितीतरी जास्त, आणि मोजक्याच बाटल्या निघाल्यामुळे शोधावी लागते. मी दोन्ही एकाच संध्याकाळी, ग्लास शेजारी ठेवून चाखल्या. माझा जीव दुसरीवर जडला, तरी सगळ्यांना तीच घ्या असं सांगणार नाही.

दोन्ही सेंट एलिझाबेथ परगण्यातल्या नॅसॉ खोऱ्यातल्या. तिथे 1749 पासून रम बनते आहे. दोन्हींमागे जॉय स्पेन्स यांचं नाक आहे. 1997 मध्ये त्या मास्टर ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतली रम निवडून मिसळणाऱ्या प्रमुख, झाल्या, आणि मद्यव्यवसायात हे पद मिळवणाऱ्या पहिल्या महिला मानल्या जातात.

आता वयाचं. हे 21 स्कॉचच्या 21 सारखं वाचू नका. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातलं वर्षाला साधारण 2 टक्के उडून जातं, जमैकाच्या उकाड्यात 6 टक्क्यांच्या आसपास. हिशेब मांडून बघा: 21 वर्षांनी तिकडे दोन तृतीयांश माल उरतो, इकडे जेमतेम पाव. जे उरतं त्यात लाकूड चांगलंच उतरलेलं असतं.

फरक सुरू होतो भट्टीपासून. 21 मध्ये पॉट स्टिल (हंड्यासारखी भट्टी) आणि कॉलम स्टिल (उंच खांबासारखी, सलग चालणारी भट्टी) अशा दोन्हींच्या रमचं मिश्रण आहे. हार्ट्स फक्त पॉट स्टिलची, एकेक घाणा काढत केलेली. मळी आंबताना जे फळांचे वास तयार होतात, ते पॉट स्टिलमध्ये भरभरून टिकतात.

43 वाली पहिल्या घोटापासून आपलंसं करते. संत्र्याची साल, जायफळ, भाजलेले बदाम, शेवटी कडसर कोको. पाणी नको, बर्फ नको.

63 वालीला वेळ द्यावा लागतो. ग्लासात एकदम नाक घातलंत तर नुसता ताज्या पॉलिशचा दर्प येईल आणि डोळ्यांत पाणी. मी ती वीस मिनिटं तशीच ठेवली. मग काळं पडलेलं केळं, शिजवलेला अननस, त्यामागे तंबाखू आणि जुन्या सागवानी कपाटाचा वास. पहिला घोट थेंबभरच घ्या. नंतर 30 मिलीत एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली पाणी घातलं की ती 54 टक्क्यांवर येते, आणि माझ्या मते तिथेच ती सर्वांत सुंदर आहे. फळ पुढे येतं, लाकडाचा कडवटपणा मागे सरतो. आणखी 7 मिली घालून 45 वर आणली, तरी चव पातळ झाली नाही. शेजारची 21 त्या वेळी मला पहिल्यांदाच थोडी शांत वाटली.

तर, आजवर ओल्ड मंकच जास्त प्यायली असेल, किंवा भेट द्यायची असेल, तर 21 घ्या, पस्तावणार नाही. काजूची फेणी नुसती पिणाऱ्या आणि तिचा दर्प आवडणाऱ्या माणसाने मात्र सरळ हार्ट्सकडे जावं. आणखी उग्र फळ हवं असेल तर जमैकातल्याच ट्रेलॉनी परगण्यातल्या हॅम्पडेन भट्टीची 60 टक्क्यांची रम आहे, पण तिचं वय बरंच कमी, त्यामुळे लाकडाची ती खोली तिच्यात नाही.

किंमत झेपत नसेल तर हार्ट्स चौघांत मिळून घ्या. एका संध्याकाळी 30 मिलीच्या वर ती लागत नाही. आणि रिकामा ग्लास लगेच धुऊ नका. सकाळी माझ्या 21 च्या ग्लासात लाकडाचा हलका वास उरला होता. हार्ट्सच्या ग्लासात गुळाच्या ढेपेचा, अगदी ताजा फोडल्यासारखा.