स्क्रीन न बदलताच घेतलेले ८,२०० रुपये

जूनमध्ये माझी ८,२०० रुपयांना फसवणूक झाली. लॅपटॉपच्या स्क्रीनचा जो पॅनल बदललाच नव्हता आणि जी केबल बदललीच नव्हती, त्यांचे पैसे मी रोख मोजून दिले. बरेचसे पैसे पुढे परत मिळाले. तरी हे लिहायला बसले, कारण ज्या दोषाच्या नावाखाली हे घडलं तो पॅनलचा दोषच नव्हता. हल्ली जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत कार्यप्रणाली टाकून घेणारे माझ्या ओळखीतच पाच-सहाजण आहेत. तो दोष त्यांनाही दिसेल आणि तेही माझ्यासारखेच घाबरून दुकान गाठतील.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिकवते. माझा लॅपटॉप २०१७चा, आत सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. विंडोज ११ बहुतेक आठव्या पिढीपासूनच्याच इंटेल प्रोसेसरवर चालतं, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आतलं विंडोज तसंच ठेवलं आणि त्याच्या जोडीला लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती बसवून दिली. सुरू व्हायला तीन मिनिटं घेणारा लॅपटॉप पुन्हा चटपटीत झाला. मी विंडोजकडे परत वळूनही पाहिलं नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच फिरतं.

आमच्या गावच्या देवळात उत्सवाला दरवर्षी संगीत नाटक होतं. बाबांनी त्यात चाळीसेक वर्षं कामं केली. आता गुडघ्यांमुळे रात्रभर मांडवात बसवत नाही, म्हणून यंदाच्या नाटकाचं चित्रीकरण मी पेन ड्राइव्हवर मागून आणलं. पाऊस धो धो पडत होता, वीज टिकून होती, आणि आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. पहिला प्रवेश संपायच्या आत बाबा म्हणाले, "ह्याचं तोंड कापल्यासारखं का दिसतं गो?"

मी चष्मा लावून जवळ गेले. पात्र विंगेतून झपाझप पुढे आलं की चेहऱ्यावरून एक सरळ आडवी रेघ जायची. रेघेच्या वर पगडी आणि डोळे मागेच राहिलेले, रेघेखाली हनुवटी आणि खांदे बोटभर पुढे. जणू फोटो आडवा फाडून वाकडा चिकटवला आहे. तेच पात्र उभं राहून पद म्हणायला लागलं की रेघ नाहीशी. पडद्यावर काही हललं की रेघ, थांबलं की काही नाही. दुसऱ्या अंकापर्यंत बाबांचे डोळे दुखायला लागले आणि ते उठून गेले.

दोन दिवसांनी म्हापशाला काम होतं, तेव्हा लॅपटॉप बरोबर नेला. बाजारापासून जवळच एक दुरुस्तीचं दुकान आहे. नाव लिहीत नाही. दुकानदाराने माझ्या मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला, लॅपटॉपचं झाकण दोनदा पुढेमागे केलं आणि म्हणाला, "टीचर, पट्टी गेल्या." पट्टी म्हणजे मदरबोर्डपासून स्क्रीनपर्यंत जाणारी डिस्प्ले केबल. दमट हवेने तिला गंज चढतो आणि मग पॅनलही जातो, असं त्याचं म्हणणं. "गोंयच्या पावसांत सगळ्यांचें अशेंच जाता."

मला ते पटलं, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, कॅमेऱ्याच्या भिंगांत जाळं धरतं, टीव्हीच्या रिमोटचे स्प्रिंग हिरवे पडतात. अशा हवेत केबल गंजली म्हटल्यावर कोण वाद घालणार? खोटं इतकं आपल्या अंगणातलं असलं की ते तपासावंसं वाटत नाही.

चौथ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला : पॅनल आणि केबल बदलली, एकूण ८,२००, घेऊन जा. दुकानात त्याने माझ्यासमोर लॅपटॉप सुरू केला आणि मोबाइलवरून एक क्रिकेटचा व्हिडिओ त्यात घेऊन लावला. फलंदाज धावतोय, कॅमेरा फिरतोय, आणि रेघ कुठेही नाही. मी समाधानाने पैसे काढले. बिल मागितलं तर म्हणाला, बिल केलं की अठरा टक्के वर द्यावे लागतील. जुना पॅनल मागितला तर म्हणाला, तो कंपनीला परत जातो. दोन्ही वेळा मी गप्प बसले. शाळेत मुलांच्या वहीतला चुकलेला पूर्णविराम शोधणारी मी, तिथे एक प्रश्न पुढे विचारू शकले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी येऊन तेच नाटक लावलं आणि तीच रेघ दिसली.

त्याहून वाईट गोष्ट तासाभराने दिसली. माझ्या स्क्रीनवर खाली उजवीकडे, घड्याळाच्या आकड्यांच्या किंचित वर, एक अडकलेला पिक्सेल होता. मोहरीहूनही बारीक, कायम हिरवा. तीन वर्षं रोज पाहिलेला. काळी पार्श्वभूमी आली की हमखास नजरेत भरायचा. नाटकाच्या श्रेयनामावलीपूर्वी पडदा काळा झाला आणि तो ठिपका तिथेच होता. नवीन पॅनलवर, त्याच जागी, तोच रंग. हे कसं शक्य आहे?

मी विद्यार्थ्याला फोन लावला. त्याने ओरडा केला नाही, एकेक गोष्ट करायला लावली. आधी विचारलं, "टीचर, दुकानात व्हिडिओ कशात दाखवला, मिंटमध्ये की विंडोजमध्ये?" मी आठवू लागले. खाली निळसर पट्टी होती आणि कोपऱ्यात विंडोजची ती चार चौकटींची खूण होती. म्हणजे दुकानदाराने विंडोज सुरू केलं होतं. ती रेघ विंडोजमध्ये कधीच आली नव्हती. मी विंडोज उघडतच नसल्यामुळे मला ते ठाऊक नव्हतं, आणि त्याने बरोबर तिथेच मला व्हिडिओ दाखवला.

मग विद्यार्थ्याने जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवते, वरून खाली, ओळीमागून ओळ. एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. हे रंगवणं अर्ध्यावर असताना संगणकाने पुढचं चित्र हातात दिलं, तर वरचा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा असा दिसतो. जोडाच्या जागी रेघ दिसते. यालाच स्क्रीन टिअरिंग म्हणतात. चित्र पूर्ण होईपर्यंत पुढचं अडवून धरायची व्यवस्था म्हणजे व्हीसिंक. विंडोज ८पासून पुढे डेस्कटॉपवरच्या सगळ्या खिडक्या एका कंपोझिटरमधून, म्हणजे त्या जोडून एक अख्खं चित्र बनवणाऱ्या प्रोग्रॅममधून, जातात आणि तो बंद करता येत नाही, म्हणून तिथे हे सहसा दिसत नाही. लिनक्समध्ये पडद्यावर चित्र दाखवायची वेलँड ही नवी पद्धत असेल तरी ही काळजी आपोआप घेतली जाते. माझ्या मिंटमध्ये जुनी एक्स-ऑर्ग पद्धत आहे, तिथे कंपोझिटर चालू-बंद करता येतो. माझा बंद होता.

"तो मीच बंद केला होता, टीचर. लॅपटॉप हलका चालावा म्हणून." त्याचा आवाज पडला होता. मी त्याला दोष दिला नाही. त्याने चांगल्या हेतूने केलं होतं आणि विचारल्याबरोबर कबूल केलं.

त्या रात्री त्याने ज्या तीन तपासण्या करायला लावल्या त्या मी दुकानात जाण्यापूर्वी करायला हव्या होत्या, आणि त्यांना एक पैसा लागत नाही. केबल किंवा पॅनल खराब असेल तर दोष स्थिर चित्रावरही दिसतो. लॅपटॉप सुरू होताना, विंडोज किंवा लिनक्स येण्यापूर्वी उघडता येणाऱ्या बायोसच्या पडद्यावरही दिसतो, आणि झाकण हलवलं की कमी-जास्त होतो. माझं बायोस स्वच्छ होतं. मग एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडून तेच नाटक लावलं, तर रेघ टीव्हीवरही होती. टीव्हीला माझा पॅनल आणि माझी पट्टी यांच्याशी काय देणंघेणं? तिथेच दुकानदाराची सगळी गोष्ट कोसळली. तिसरी तपासणी म्हणजे रेघ दिसत असतानाच स्क्रीनशॉट घेणं. स्क्रीनशॉटमध्ये चित्र अखंड आलं, मोबाइलने काढलेल्या फोटोत मात्र रेघ. म्हणजे संगणकाच्या स्मृतीत चित्र शाबूत आहे, पडद्यावर पाठवतानाची वेळ चुकते आहे. एवढं खरं की स्क्रीनशॉट एकट्याने पुरेसा नाही. केबल खराब असली तरी तो स्वच्छच येतो, त्यामुळे टीव्हीची तपासणी सोडू नका.

प्रत्येक पॅनलच्या आत त्याची ओळख नोंदलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. ती वाचणारा छोटा प्रोग्रॅम लिनक्सवर मिळतो. आम्ही वाचली, तर "नवीन" पॅनलच्या उत्पादनाचं वर्ष निघालं २०१७. एखादा पॅनल गोदामात पडून राहू शकतो, म्हणून नुसत्या वर्षावर मी कुणाला चोर म्हटलं नसतं. पण वर्ष तेच आणि हिरवा ठिपकाही तोच.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्स, त्यात कंपोझिटरचा टॅब, आणि डिस्प्ले कंपोझिटिंग चालू करायची चौकट. रेघ लगेच गेली, पण व्हिडिओ पूर्ण पडदाभर केला की परत यायची. त्याचं कारण त्याच टॅबमध्ये होतं. पूर्ण पडद्याच्या खिडक्या थेट दाखवायचा एक पर्याय असतो, तो चालू असला की व्हिडिओ कंपोझिटरला वगळून पुढे जातो. ती खूण काढली. शिवाय सेटिंग्ज एडिटरमध्ये एक्सएफडब्ल्यूएम४च्या (एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजरच्या) यादीतलं व्हीसिंकची पद्धत ठरवणारं व्हीब्लँक मोड 'ऑटो'वरून 'जीएलएक्स' केलं आणि लॉगआउट करून परत आलो. बाबांना बोलावलं. पात्र विंगेतून धावत आलं, पगडीसकट अख्खं.

याने नाही गेलं तर इंटेल आणि एएमडीच्या काही ड्रायव्हरमध्ये टिअरफ्री नावाचा पर्याय एक्स-ऑर्गच्या फाइलीत लिहून देता येतो. मला त्याची गरज पडली नाही. ज्यांना पडेल त्यांनी फाइल कुठे ठेवली ते कागदावर लिहून ठेवा. एखादं अक्षर चुकलं आणि डेस्कटॉप आलाच नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करता येतं आणि ती फाइल काढून टाकता येते. एवढ्यासाठी कुणी "सिस्टीम नव्याने टाकावी लागेल" म्हणून हजार-दीड हजार मागितले तर देऊ नका.

दुकानात मी आणि माझा भाऊ गेलो. मी आवाज चढवला नाही. लॅपटॉप काउंटरवर उघडला, पडदा काळा केला आणि ठिपका दाखवला. लॅपटॉप देण्याआधीचा माझ्या मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला, त्यातही कोपऱ्यात तो होता. दुकानदार म्हणाला, दुकानातल्या पोराने चुकून जुनाच बसवला असेल. मग नवा दाखवा म्हटलं, तर गोदामात आहे. आठवडा असाच गेला. त्यानंतर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल नसल्यामुळे माझी बाजू लंगडी पडेल ही भीती होती. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ बिल किंवा पावती न देण्यालाच अनुचित व्यापारी प्रथा मानतो, आणि "पॅनल आणि केबल बदलली, एकूण ८,२००" हा त्याचा स्वतःचा मेसेज माझ्याकडे होता. तो मी पुसला नाही, हे एकच काम माझ्या हातून नीट झालं. तक्रारीचा क्रमांक कळवल्यावर चार दिवसांत ७,००० रुपये आले. १,२०० त्याने तपासणीचे म्हणून ठेवले. माझा लॅपटॉप त्याने उघडून तरी पाहिला होता का, याची मला शंका आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावरची नर्सिंग शिकणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. तिलाही कुणीतरी पट्टी गेल्याचं सांगितलं होतं. मी बाह्या सरसावून बसले, यातही खोटंच निघणार असं धरून. बायोस उघडलं तर तिथेच उभ्या रेघा थरथरत होत्या. झाकण थोडं वाकवलं की जायच्या, सोडलं की परत. टीव्हीवर चित्र स्वच्छ. तिची पट्टी खरोखरच गेली होती. साखळी शहरातल्या एका कारागिराने ती तिच्यासमोर बदलली, १,१०० रुपयांची पावती दिली आणि न मागता जुनी केबल तिच्या हातात ठेवली. टोकाच्या तांब्यावर हिरवट बुरा धरला होता, नखाने खरवडला तर निघत होता.