मुरमांसाठी ‘डाएट पॅकेज’ घेण्याआधी हे वाचा

घरात आठवी ते बारावीतली मुलं असतील त्यांनी जरूर वाचावं. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत ‘मोफत स्किन चेकअप’चं शिबिर लागलं होतं. लेकीचं कपाळ, गाल मुरमांनी भरलेले. नातेवाइकांच्या लग्नालाही यायला ती तयार नसायची. शिबिरातल्या मॅडमनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि दोन दिवसांनी ‘फूड सेन्सिटिव्हिटी’चा रिपोर्ट दिला. गहू, तूरडाळ, दही, अंडं, शेंगदाणे, टोमॅटो, सगळ्यांपुढे लाल ठिपका.

“ताई, दोष रक्तात आहे. आधी खाणं बदलायला हवं.”

पॅकेज बावीस हजारांचं. डाएट चार्ट, ‘डिटॉक्स’ पावडर आणि रात्री लावायला पांढऱ्या डबीतलं ‘हर्बल’ क्रीम. डबीवर ना कंपनीचं नाव, ना घटक, ना बॅच नंबर, ना एक्सपायरी.

थोड्याच दिवसांत चेहरा नितळ झाला. श्रेय सगळं डाएटला! पोर मात्र काकडी आणि मुगाच्या कढणावर. क्लासहून आली की चक्कर यायची. मग डबी संपली आणि नवी येईपर्यंत चेहरा लालबुंद, नुसती आग आग, पुरळ आधीपेक्षा जास्त. गालांवर लव वाढलेली, कातडी पातळ होऊन बारीक शिरा दिसायला लागलेल्या. मॅडम म्हणे, “विष बाहेर पडतंय, घाबरू नका.” वर पॅकेज वाढवायचा आग्रह.

त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा बघताच विचारलं, “स्टिरॉइड कोणी दिलं?” स्टिरॉइडने सूज आणि लाली झटकन दबते, बंद केलं की उसळते. म्हणजे गुण क्रीमचा होता, उपाशी राहिली लेक. २०१८ पासून ही क्रीमं शेड्यूल एचमध्ये आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आणि ती रक्ततपासणी? त्यात दिसणारी आयजीजी प्रतिपिंडं आपण काय खातो तेवढंच सांगतात, काय बाधतं ते नाही. म्हणूनच आमच्या रोजच्या वरण-पोळीवर लाल ठिपके.

संताप याचा येतो की आहाराचा संबंध अगदीच खोटा नाही. वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्रं बुजतात. मुरमांचं मूळ तिथे. मैदा, साखर, कोल्ड्रिंक यांनी इन्शुलिन वाढतं आणि त्यात भर पडते. २००७ साली ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या मुलांना १२ आठवडे रक्तातली साखर सावकाश वाढवणारा आहार दिला, तेव्हा मुरमं कमी झालेली दिसली. दूध आणि जिमवाल्यांची व्हे पावडर यांचाही काहींना त्रास होतो. या एवढ्याशा खऱ्यावर ही मंडळी दुकान थाटतात. वाढत्या वयाच्या मुलीची डाळ, अंडी तोडायची कोणी सांगितलंय?

बिल मागितलं तर त्यावर फक्त ‘वेलनेस कन्सल्टेशन’. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली आहे, एफडीएलाही (अन्न व औषध प्रशासन) अर्ज दिलाय. तुमच्याकडे अशी बिननावाची डबी असेल तर क्रीम मनाने सोडू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि डबी फेकू नका. पावती, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज यांच्यासोबत जपून ठेवा, तक्रारीला तोच पुरावा.