मित्रांसोबत निवांत जेवायचे असेल तर: थाळीचे हॉटेल की तारांकित हॉटेलचे दालन?

कोल्हापुरात मित्रांना जेवायला कुठे न्यावे, हा प्रश्न रोजच्या कट्ट्यावरच्या मंडळींबाबत कधी पडत नाही. परंतु पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला स्थायिक झालेले वर्गमित्र दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी येतात, सात-आठ जण एकाच संध्याकाळी मोकळे सापडतात आणि ‘या वेळी पैशांकडे न बघता चांगल्या ठिकाणी बसू’ असे ठरते, तेव्हा मात्र गटात दोन तट पडतात. एका तटाला नावाजलेल्या मटण थाळीच्या हॉटेलचा वातानुकूलित विभाग हवा असतो, तर दुसऱ्याला तारांकित हॉटेलमधले, मेन्यू कार्डावरून मागवायचे, पांढऱ्या नॅपकिनांचे दालन हवे असते. आमच्या गटाने गेली काही वर्षे हे दोन्ही पर्याय आलटून पालटून अनुभवले आहेत. ज्यांना असा निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हा अनुभव मांडत आहे. प्रत्येकाचा गट वेगळा असतो, हे गृहीत धरूनच तो वाचावा.

निव्वळ जेवणाचा विचार केला, तर थाळीचे हॉटेल पुढे आहे आणि त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पांढऱ्या रश्श्याचा जीव मटण शिजवताना निघणाऱ्या आळणी पाण्यात असतो. नारळाचे दूध, खसखस, काजू, तीळ आणि बेताचा खडा मसाला हे सारे त्या पाण्याला साथ देण्यासाठी असते. त्याच पाण्यात कांदा-लसूण मसाला आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण पडले की तांबडा होतो. थाळीच्या हॉटेलात दुपारी आणि रात्री मोठ्या पातेल्यांतून मटण शिजत असते, त्यामुळे हे पाणी ताजे असते आणि मुबलकही असते. तारांकित हॉटेलच्या मुदपाकखान्यात उत्तर भारतीय, चिनी आणि पाश्चात्त्य पदार्थांच्या गर्दीत कोल्हापुरी जेवणाला मेन्यू कार्डाचा एक कोपरा मिळतो, रात्रीत त्याच्या मोजक्या प्लेटा जातात, आणि तेवढ्यासाठी पातेलेभर पाणी कोण उकळत ठेवणार? मग पांढरा रस्सा काजूच्या पेस्टने आणि सायीने दाट केला जातो. तो चवीला वाईट लागतो असे नाही, पण तो पांढऱ्या रंगाची ग्रेव्ही असतो, रस्सा नसतो. यात आचाऱ्याचा दोष मला दिसत नाही. जिथे पदार्थ रोज भरपूर खपतो तिथेच तो चांगला राहतो, एवढेच.

दुसरे असे, की थाळीच्या हॉटेलात रस्सा मागावा तितका वाढला जातो. कोल्हापूरचा माणूस रस्सा वाटीने पितो, आणि तिसऱ्या वाटीला वाढप्याने स्वतःहून ‘पांढरा घालू का?’ म्हणून विचारावे, ही त्याची जेवणाकडून साधी अपेक्षा असते. तारांकित दालनात प्रत्येक वाटी बिलावर येते, आणि पैसे देण्याची ऐपत असलेल्या माणसाचाही हात तिथे आखडतो. भाकरीचेही तसेच आहे. तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकरी एकीकडे, आणि झाकलेल्या टोपलीतून येईपर्यंत वातड झालेली भाकरी दुसरीकडे.

इतके सगळे असूनही आमचा गट आता दुसऱ्या पर्यायाकडे झुकला आहे, आणि त्याचे कारण एकच आहे. ते क्षुल्लक वाटेल, पण माझ्यापुरते तेच निर्णायक ठरले. ते कारण म्हणजे खुर्चीमागे उभी असलेली माणसे.

बुधवार, शुक्रवार आणि रविवार या मटणाच्या वारांना चांगल्या थाळीच्या हॉटेलात जागा मिळवणे म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. नाव सांगून बाहेर थांबायचे, आठ जणांची जागा एकत्र मिळत नाही म्हणून आणखी थांबायचे, आणि अखेर बसल्यावर पुढचे कुटुंब आपल्या मागे येऊन उभे राहते. ती माणसे काही बोलत नाहीत, उद्धटपणा तर मुळीच करत नाहीत. हातात लहान मूल असलेली आई असते, भुकेलेले आजोबा असतात, आणि ते आपल्या ताटाकडे नव्हे, पण आपल्या ताटात किती उरले आहे याकडे पाहत असतात. अशा वेळी दोन वर्षांनी भेटलेल्या मित्राला ‘वडिलांची तब्येत आता कशी आहे?’ असे विचारायचे, तर त्याचे उत्तर तीन वाक्यांत संपत नाही. तो बोलायला लागतो, मागून मूल किरकिरते, वाढपी शेवटचा भात वाढून जातो, आपण हात धुऊन येईपर्यंत टेबल पुसलेले असते आणि बिल बडीशेपेसोबत येऊन पडलेले असते. विषय अर्धवट राहतो.

एका अशाच भेटीत आमच्यातल्या एका मित्राने नोकरी सोडल्याची गोष्ट नेमकी सुक्के मटण संपता संपता सांगायला घेतली होती. ती पूर्ण ऐकायला आम्हाला रस्त्यावर, गाड्यांच्या मधोमध उभे राहावे लागले. हॉटेलचालकांना मी याबद्दल दोष देणार नाही. थाळीचा दर परवडणारा ठेवायचा तर टेबल रात्रीत अनेकदा फिरले पाहिजे, हा त्या धंद्याचा हिशेब आहे, आणि त्या हिशेबामुळेच मटण ताजे राहते. मात्र जे जेवणाला उपकारक आहे, तेच गप्पांना मारक ठरते.

थाळीच्या बाजूचे मित्र यावर म्हणतात, की जेवण तिथे करावे आणि गप्पांना रंकाळ्यावर जावे, नाहीतर गंगावेशीत म्हशीचे ताजे दूध प्यायला जावे. हा सल्ला उत्तम आहे आणि आम्ही तो पुष्कळदा पाळलाही. परंतु अनुभव असा, की गट पार्किंगमध्ये फुटतो. एकाला मुलांना आणायचे असते, एकाला दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी असते, एकाच्या घरून फोन येतो. बसलेला माणूस सहसा उठत नाही, पण एकदा उठलेला माणूस घराकडेच वळतो. आणि पावसाळ्यात तर रंकाळ्याचा विचारही करता येत नाही.

तारांकित दालनात टेबल आपले असते. साडेआठला बसलो तर मुदपाकखाना बंद होईपर्यंत, आणि त्यानंतरही काही वेळ, कोणी उठवत नाही. आपण त्या बसण्याचेच पैसे देत असतो, असे मला वाटते. माणशी खर्च थाळीच्या साधारण तिप्पट येतो आणि तो केवळ पदार्थांच्या चवीने भरून निघत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिथे जाऊन पांढरा रस्सा मागवणाऱ्याची निराशा होईल. तंदूर, मासे, बिर्याणी किंवा त्या आचाऱ्याचा हात ज्यावर बसला आहे असे काही मागवले, तर जेवण चांगले होते. आम्ही अलीकडे कॅप्टनला सरळ विचारतो, ‘आज तुमच्याकडे सर्वांत जास्त काय जाते?’ आणि बहुधा तेच मागवतो, कारण जे जास्त जाते ते ताजे असते, हा थाळीच्या हॉटेलाचा नियम इथेही लागू पडतो.

मेन्यू कार्डावरून मागवण्यात एक अडचण आहे. आठ जणांनी आठ पदार्थ मागवले, की ते आठ वेळांना येतात, आणि एक जेवत असताना दुसरा नॅपकिनची घडी करत बसतो. त्यावर उपाय असा, की मागणी एकाच मित्राने सर्वांसाठी करावी, सुरुवातीचे पदार्थ आधी सांगून मुख्य जेवणाची मागणी सवडीने द्यावी, आणि भाज्या, रोटी, भात एकदम आणण्यास सांगावे. शनिवार-रविवारचा बुफे हा तिसरा पर्याय काहीजण सुचवतात. त्यात सतत कोणी ना कोणी उठलेला असतो, म्हणून मित्रांच्या भेटीसाठी तो मला पटत नाही.

शाकाहारी मित्रांचा मुद्दाही मी हलका मानणार नाही. आपल्या भागात जैन मित्र नाही असा गट विरळाच, आणि आमच्यातला एक जण कांदा-लसूण खात नाही. थाळीच्या हॉटेलात अख्खा मसूरही कांदा-लसूण मसाल्यातच असतो, त्यामुळे तो दही-भात खाऊन आनंदाने आमच्यासोबत बसत असे आणि कधी तक्रार करत नसे. तारांकित दालनात आधी सांगितले तर त्याच्यासाठी दोन-तीन पदार्थ वेगळे करून मिळतात. तो पहिल्यांदा आमच्याइतकाच वेळ जेवत बसलेला पाहिला, तेव्हा हा मुद्दा आम्ही इतकी वर्षे किती कमी लेखला होता हे जाणवले.

खर्चाबाबत काही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. उपाहारगृहातल्या जेवणावर सर्वसाधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. परंतु ज्या हॉटेलातील खोलीचे भाडे आदल्या आर्थिक वर्षात दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेले असेल, त्याच्या आवारातल्या उपाहारगृहात तो १८ टक्के असतो. म्हणून मेन्यू कार्डावरची किंमत पाहून अंदाज बांधताना हा फरक धरावा. मद्य जीएसटीच्या कक्षेत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. न पिणाऱ्या मित्रांवर पिणाऱ्यांचा भार पडू नये म्हणून त्याचे बिल वेगळे मागावे. ते द्यायला सहसा कोणी नकार देत नाही. सेवा शुल्काबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. बिलात ते दिसले तर शांतपणे काढायला सांगावे आणि वाढणाऱ्याला जे द्यायचे ते स्वतःच्या हाताने द्यावे.

या सगळ्यांहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. मित्रांमध्ये सर्वांची कमाई सारखी नसते. थाळीच्या हॉटेलात ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण सर्वांच्या पुढे एकच ताट असते आणि सर्वांचा आकडा एकच असतो. तारांकित दालनात मात्र एखादा मित्र कार्डाची उजवी बाजू आधी वाचतो, ‘मला फारशी भूक नाही’ म्हणतो आणि सूप मागवतो. हे एकदा पाहिल्यावर तिथले जेवण गोड लागत नाही. ‘टीटीएमएम’ पद्धत इथे उपयोगाची नाही आणि एखाद्याने मोठेपणाने सगळे बिल भरणे तर त्याहून अवघड. आमच्यापुरता मार्ग भिशीने काढला. दर महिन्याला प्रत्येकाला सहज झेपेल एवढी ठरलेली रक्कम एका मित्राकडे जमा होते आणि वर्षाच्या शेवटी जेवणाचे बिल त्यातून भरले जाते. टेबलावर कोणीही पाकीट किंवा फोन काढत नाही. अशी काही व्यवस्था होणार नसेल, तर महागड्या दालनाचा आग्रह धरू नये, असे मी सुचवेन. त्यापेक्षा खुर्चीमागची गर्दी परवडली.

तेव्हा बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदाच कोल्हापुरात येत असेल आणि त्याला इथले मटण खाऊ घालायचे असेल, तर थाळीच्या हॉटेलाला पर्याय नाही. शक्यतो आडवारी, दुपारी बाराच्या सुमारास न्यावे, म्हणजे घाईही होत नाही. गट तीन-चार जणांचा असेल तरीही मी तेच म्हणेन. परंतु मित्र जुने असतील, पुष्कळ दिवसांनी भेटत असतील आणि बोलायचे बरेच साचले असेल, तर माझा कौल तारांकित दालनाकडे जातो. आम्ही आता मटणाची हौस त्याच दिवशी दुपारी भागवतो आणि रात्री थोडे जेवून पुष्कळ बसतो.

जाण्याआधी फोन मात्र अवश्य करावा. त्या रात्री हॉटेलच्या सभागृहात लग्नाचे रिसेप्शन आहे का, हे पहिल्यांदा विचारावे. मुहूर्ताच्या दिवशी मुदपाकखान्याचे सारे हात तिकडे गुंतलेले असतात आणि दालनातल्या टेबलावर रोटी यायलाही वेळ लागतो. गाण्यांच्या स्पीकरपासून दूरची जागा मागावी. आठ जणांसाठी दोन टेबले जोडून लांबट जागा करून देतात, ती शक्यतो घेऊ नये, कारण तिथे दोन टोकांना दोन वेगळ्या गप्पा सुरू होतात आणि मधले दोघे मान वळवत राहतात. गोल टेबल आहे का, असे विचारावे. नसेल आणि तारीख लवचीक असेल, तर ते ज्या दिवशी मोकळे असेल तो दिवस घ्यावा.