श्रीलंका दुसऱ्यांदा, या वेळी घरच्यांसह: कँडी-नुवारा एलिया की त्रिंकोमाली-जाफना?

श्रीलंका एकदा बघून आलेला माणूस घरच्यांना घेऊन परत निघतो, तेव्हा त्याच्या डोक्यात बहुतेक वेळा पहिलाच फेरा असतो: सिगिरिया, कँडी, चहाचे मळे, शेवटी गॉलचा किल्ला. साताऱ्यात कुठल्याही टूरवाल्याकडे चौकशी केलीत तरी थोड्याफार फरकाने हाच क्रम पुढे येईल. दुसरा रस्ता वर उत्तरेला जातो, अनुराधापुर, त्रिंकोमाली आणि जाफन्याकडे. आठवडाभरात दोन्ही कोंबता येतात, पण मग आई-बाबा निम्मा देश व्हॅनच्या खिडकीतूनच बघतील. त्यापेक्षा एक धरावा.

आधी महिना ठरवा, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. या एवढ्याशा बेटावर दोन मोसमी पाऊस पडतात. नैऋत्येचा साधारण मेअखेर ते सप्टेंबर कोलंबो, गॉल आणि डोंगराळ भाग भिजवतो. ईशान्येचा डिसेंबर-जानेवारीत त्रिंकोमाली-जाफन्याकडे पडतो. म्हणजे मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर वरचा रस्ता कोरडा आणि त्रिंकोमालीचा समुद्र शांत. नाताळात जाणार असाल तर उलटं, तेव्हा गॉलचा किनारा बघावा. दिवाळीच्या सुट्टीला मात्र दोन्हीकडे दुपारच्या सरींची शक्यता असते, आणि ती सुट्टी मी या देशासाठी तरी सुचवणार नाही.

मे महिन्यात जाफन्यात उकाडा जबरदस्त असतो, हेही सांगायला हवं. पण त्या महिन्याला वेसाक असतो, म्हणजे त्यांची बुद्धपौर्णिमा. दारोदारी कागदी कंदील लागतात आणि रस्त्याकडेला 'दनसल' उभे राहतात. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण, सरबत, कधी आइस्क्रीमसुद्धा मिळतं. वारीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला हे कौतुक समजावून सांगावं लागत नाही. वेसाक मुख्यतः सिंहली बौद्ध भागातला सण आहे, त्यामुळे तो दिवस अनुराधापुरात किंवा कँडीत पडेल असं बघा. तारीख आपल्या कॅलेंडरवरून धरू नका. अधिक महिन्यामुळे कधीकधी फरक पडतो, म्हणून तिकडच्या सुट्ट्यांची यादी बघा.

आता ठिकाणं. जुन्या फेऱ्यातलं नुवारा एलिया मी सातारकरांना सरळ गाळायला सांगतो. उंची साधारण १८७० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा पाचएकशे मीटर जास्त, आणि हवा खरंच सुखाची. पण तिथे आहे काय? इंग्रजांचे बंगले, तळ्यात बोटिंग, काठावर घोडे आणि स्ट्रॉबेरी. वेण्णा लेकवर तासाभरात पोचणाऱ्या कुटुंबाने त्यासाठी परदेशातले दोन दिवस का घालवावेत? चहाचे मळे तेवढे आपल्याकडे नाहीत, आणि ते बघायला कँडीहून वर जाणारी रेल्वे पुरते. नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळात या डोंगरी मार्गाचं मोठं नुकसान झालं, तेव्हा तिकिटाआधी गाडी नक्की कुठून कुठपर्यंत धावते आहे याची चौकशी करा.

सिगिरियाची गोष्ट वेगळी. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्या उभ्या खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वाटेत भिंतीवरची अप्सरांची चित्रं लागतात, पुढे सिंहाचे प्रचंड पंजे. साधारण १२०० पायऱ्या आहेत आणि काही ठिकाणी कड्याला लटकवलेले लोखंडी जिने. तुमचे वडील सज्जनगड बसत-उठत का होईना चढत असतील, तर सकाळी गेट उघडताच त्यांना घेऊन निघा. आईचे गुडघे नाही म्हणत असतील तर खालच्या जलबागा आणि संग्रहालय यात तिचा वेळ चांगला जाईल. मुलं आणि आजी-आजोबा पहिल्यांदाच श्रीलंकेला येत असतील, तर सिगिरिया कुठल्याही रस्त्यात ठेवाच. तुमचा बघून झालाय, त्यांचा नाही. नशिबाने तो दोन्ही रस्त्यांच्या मधोमध आहे. तिथून त्रिंकोमाली शंभरेक किलोमीटर, कँडीही तेवढंच.

कँडीच्या दंतमंदिराबद्दल, म्हणजे जिथे बुद्धाचा दात जपलाय त्या मंदिराबद्दल, थोडं सावध बोलतो. पूजेच्या वेळी गर्दी खूप असते आणि मूळ दंतधातू दिसत नाही, दिसते ती त्याची मंजूषा. भाविकाला तेवढं पुरतं, बारा वर्षांच्या मुलाला नाही.

वरच्या रस्त्याला वयस्कर माणसांना त्रास कमी. अनुराधापुर सपाटीवर पसरलेलं आहे, एका स्तूपाकडून दुसऱ्याकडे गाडीने जाता येतं. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला वृक्ष तिथे आजही आहे. त्रिंकोमालीला कोणेश्वराचं देऊळ समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे. चढ आहे पण सोसवणारा. मुलांना निलावेलीचा किनारा आणि तिथून बोटीने पिजन आयलंड. मुलांचं मन राखायला सहलीत एवढं हवंच.

जाफन्याला जाताना तिथली गोष्ट माहीत असलेली बरी. १९८३ ते २००९ एवढं लांबलेलं युद्ध या भागाने सोसलं. १९८१ मध्ये जाळलेलं सार्वजनिक ग्रंथालय पुन्हा उभं आहे, त्याची पांढरी इमारत मुलांना दाखवा आणि विचारतील ते सांगा. नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरात पुरुषांना सदरा काढून आत जावं लागतं. नैनातीवु बेटावर देवीचं मंदिर आणि बौद्ध विहार दोन्ही आहेत, पण तिथली बोट छोटी आणि दाटीची असते. चढ-उतार जमत नसेल तर सोडून द्या. कँडीसारखी सजलेली गावं, ओळीने हॉटेलं यांची अपेक्षा मात्र जाफन्यात ठेवू नका.

जेवणाच्या बाबतीत माळकरी घराने उत्तरेचाच रस्ता निवडावा. दक्षिणेत भाजीत आणि नारळाच्या संबोलात, म्हणजे चटणीत, सुक्या माशाचा चुरा सर्रास असतो. त्याला उंबलकड म्हणतात आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ऑर्डर देतानाच विचारायचं. जाफन्यात शुद्ध शाकाहारी सैव खानावळी जागोजागी आहेत. इडली, डोसा, केळीच्या पानावरचा भात. पोटाला सवयीचं, तिखट मात्र आपल्यापेक्षा सरस. भडंग घ्यायचं ते गाडीतल्या भुकेसाठी घ्या.

गाडी दोन्हीकडे ड्रायव्हरसह भाड्याने मिळते. सहा-सात माणसांना तिकडे ज्याला केडीएच म्हणतात ती व्हॅन मागा. मोठ्या स्मारकांवर सार्क देशांच्या लोकांना सवलत असते, पासपोर्ट जवळ हवा. घड्याळ आपल्याचसारखं चालतं, त्यामुळे औषधांच्या वेळा बदलत नाहीत.

माझा कौल: तुमच्याशिवाय घरातलं कुणीच आधी गेलेलं नसेल आणि सुट्टी नाताळची असेल, तर जुना फेरा, नुवारा एलिया वगळून. मे महिना असेल तर सिगिरिया धरून वरचा रस्ता. कोलंबोचा विमानतळ शहराच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, तेव्हा कोलंबोत न शिरता थेट वर निघता येतं. परत कोलंबोला यायचा कंटाळा असेल तर जाफन्याहून चेन्नईचं विमान बघा. ते छोटं एटीआर असतं, सामानाची मर्यादा तिकीट काढतानाच वाचा. चेन्नईहून पुणे आणि तिथून खंबाटकी उतरून घर.