कोपराची शीर: लेसर घ्यायचा की बाटली उचलायची?

दसऱ्याच्या आसपास बीडमधल्या माझ्या दवाखान्यात कोपर धरून येणारा माणूस बहुधा ऊसतोडीला निघालेला असतो. उचल घेऊन झालेली, टोळी ठरलेली, आणि कोयता धरला की कोपराच्या बाहेरच्या हाडापासून मनगटापर्यंत कळ जाते. प्रश्न ठरलेला: "साहेब, ती लाईट घेतली तर आठ दिवसांत उतरंल का?" मी फिजिओ आहे, लेसरचं मशीन माझ्याकडेही आहे. तरी 'हो' म्हणताना जीभ अडखळते.

लेसरची बाजू आधी मांडतो, कारण ती थाप नाही. 1967 साली बुडापेस्टला एन्द्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर मंद लेसर सोडला, तेव्हा तिथले केस लवकर उगवले. हा लेसर कापत नाही, भाजत नाही. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे प्रथिन तो प्रकाश शोषतं आणि पेशीला जास्त ऊर्जा मिळते, असं मानतात. डुकराच्या टाचेच्या कंडरेतल्या (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, आपण शीर म्हणतो ती) पेशींवर असा लेसर दिला तेव्हा त्या जास्त वाढल्या, कोलॅजन, म्हणजे कंडरेचा धागा असलेलं प्रथिन, बनवणारं जनुकही जास्त कामाला लागलं. पण प्रयोगशाळेच्या बशीत पेशी उघड्या असतात. तुमच्या कोपरावर कातडी आहे, चरबी आहे, शिवाय कंडरेला रक्तपुरवठा मुळातच कमी.

माणसांवरचा हिशेब म्हणून निम्मा-निम्मा निघतो. 2010 मध्ये कंडरेच्या दुखण्यावरच्या 25 चाचण्या एकत्र तपासल्या: 12 मध्ये फायदा दिसला, 13 मध्ये दिसला नाही किंवा नक्की सांगता आलं नाही. यात डोसचा मोठा हात आहे. 50 मिलिवॅटचा प्रोब (मशीनचं अंगावर धरायचं टोक) 40 सेकंद धरला की 2 ज्यूल ऊर्जा जाते. कमी दिलं तर काही होत नाही, फार दिलं तर उलट पेशी मंदावते. कोपरासाठी 904 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर, तोही थेट दुखऱ्या कंडरेवर, याचे निकाल त्यातल्या त्यात बरे आहेत. (हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. 'लाईट' दिसली नाही म्हणून मशीन बंद आहे असं समजू नका, आणि चष्मा मात्र लावाच.)

आता बाटली. दुखरा हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. त्याच मुठीतली अर्धी भरलेली लिटरची बाटली दुसऱ्या हाताने वर न्यायची आणि दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडायची. कंडरेच्या पेशीला ओढ जाणवते आणि ती त्या ओढीच्या दिशेनं कोलॅजन रचते. लेसर गवंड्याला भाकरी देईल, पण भिंत कुठल्या ओळंब्यात चढवायची ते हा ताणच सांगतो. टाचेच्या कंडरेसाठी 1998 मध्ये स्वीडनमध्ये 15 हौशी धावपटूंना असाच व्यायाम दिला, दिवसातून दोनदा, 12 आठवडे, आणि ते पुन्हा धावू लागले. थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकलं तर पाणी कमी करा.

दोन्ही एकत्र? टाचेवर 2008 च्या चाचणीत लेसर जोडल्यावर लवकर आराम पडला, 2012 च्या चाचणीत काहीच जास्तीचं मिळालं नाही. व्यायाम दोन्हीकडे होताच.

इंजेक्शनबद्दल दोनच वाक्यं. 2006 च्या एका चाचणीत सहा आठवड्यांना स्टेरॉइडवाले सगळ्यांच्या पुढे होते, पण बरे झालेल्यांपैकी 72 टक्क्यांचं दुखणं उलटलं. उचलीसारखंच आहे ते, आधी हातात पडते, वसुली मागून.

खर्चाचं म्हणाल तर दहा सिटिंगला दहा दिवसांचा रोज बुडतो, एसटीचं तिकीट वेगळंच. दुखण्यामुळे बाटलीही धरवत नसेल तर लेसर घ्या, पण किती नॅनोमीटर, किती ज्यूल आणि नेमका कुठं, हे विचारून. उत्तर देता येत नसेल तर परत फिरा. कॅन्सरच्या जागेवर आणि गरोदर बाईच्या पोटावर तो देत नाहीत.

टोळी परतल्यावर, पेरणी उरकताच आषाढाच्या सुरुवातीलाच बाटली धरली तर 12 आठवडे दसऱ्याच्या आत भरतात. ऐन दसऱ्याला आलात तर मी काही दिवस लेसर देईन, व्यायाम शिकवीन आणि कोयत्याची मूठ कापड गुंडाळून जाड करायला सांगेन. बाटली कोपीवर न्या.