टीव्हीवर कास्टिंग: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात आम्ही ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही घेतला. घेतला तो आईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. संध्याकाळी कीर्तन आणि रविवारी एखादं जुनं नाटक, हे सगळं त्या फोन डोळ्यांजवळ धरून पाहायच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते मला बघवेना. फोनवर लावलेलं टीव्हीवर कसं टाकायचं एवढं त्यांना शिकवलं की झालं, असं मला वाटलं होतं. पण ते 'झालं' व्हायला गणपती तोंडावर आले.

चित्र, रंग, आवाज याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हा सगळा अनुभव कास्टिंगचाच, म्हणजे फोनवरचं टीव्हीवर टाकण्याचाच आहे.

आम्ही लालबागला राहतो, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत. एका मजल्यावर आठ बिऱ्हाडं. फोनमध्ये वायफायची यादी उघडली की वीस-बावीस नावं दिसतात. इंटरनेटवाल्याने फायबरची वायर दारावरून आत घेतली आणि राऊटर तिथेच, चपलांच्या कपाटावर ठोकला. आतल्या खोलीत रेंज धड येत नव्हती, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही घरातला जुना राऊटर लॅन केबलने जोडून आईंच्या खोलीत ठेवला. सोपं पडावं म्हणून दोन्ही राऊटरना एकच नाव, एकच पासवर्ड. आमच्या पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ तिथे होतं.

पहिल्या दिवशी कास्टिंग झकास चाललं. यूट्यूबमध्ये ते चौकोनी चिन्ह आलं, त्यावर बोट ठेवलं, टीव्हीचं नाव दिसलं आणि कीर्तन पडद्यावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईंनी हाक मारली, "अगं, ते चिन्हच नाही आलं आज." मी जाऊन पाहिलं, खरंच नव्हतं. सकाळी पुन्हा होतं. संध्याकाळी पुन्हा नाही. असं पंधरा दिवस चाललं. आईंना वाटायला लागलं की आपल्याच हातून काहीतरी चुकतंय, आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. दुरुस्तीला आलेल्या माणसाने टीव्ही फॅक्टरी रिसेट करून दिला, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा केला. त्यानंतर मी स्वतः तीनदा केला. दर वेळी अकाउंट पुन्हा घाला, अ‍ॅप पुन्हा उतरवा, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून कळकळीने सांगते, रिसेट हा पहिला उपाय नाहीच. तो अगदी शेवटी.

कारण सापडलं ते फोनच्या सेटिंगमध्ये. जोडलेल्या वायफायच्या नावावर दाबलं की खाली आयपी अ‍ॅड्रेस दिसतो. आईंच्या फोनचा आकडा १९२.१६८.१ ने सुरू होत होता आणि टीव्हीचा १९२.१६८.० ने. आकड्याची ही सुरुवात वेगळी म्हणजे नेटवर्क वेगळं. नाव एकच, पण घरात नेटवर्कं दोन. जुना राऊटर नुसता रेंज वाढवत नव्हता, तो स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवत होता.

कास्ट करताना फोन आधी नेटवर्कभर हाक मारतो: इथे कोणी टीव्ही आहे का? याला एमडीएनएस म्हणतात. ही हाक त्या एका नेटवर्कपुरतीच असते, राऊटर ती पलीकडे जाऊ देत नाही. ए विंगच्या जिन्यात मारलेली हाक बी विंगमध्ये ऐकू येत नाही, तसंच. सकाळी आई खोलीतच असायच्या, फोन आतल्या राऊटरला जोडलेला, चिन्ह दिसायचं. संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातून, हॉलमधून फिरून आत यायच्या. फोन मात्र बाहेरच्याच राऊटरला धरून बसायचा, कारण रेंज अगदीच जाईपर्यंत फोन जोडलेलं वायफाय सहसा सोडत नाही. कोडं सुटलं तेव्हा मी आईंना आधी हेच सांगितलं, "आई, तुमचं काही चुकत नव्हतं."

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. नव्या राऊटरमध्ये सहसा अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असतो, म्हणजे राऊटर स्वतःचं नेटवर्क न चालवता नुसती रेंज वाढवतो. तो निवडला की काम होतं. आमच्या जुन्यात तो नव्हता. म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद केलं, म्हणजे पत्ते वाटायचं काम फक्त बाहेरच्या राऊटरकडे राहिलं. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१ च्या रांगेतला, दुसऱ्या कुणाचा नसलेला दिला. मग बाहेरून आलेली केबल वॅनच्या (इंटरनेट आत घ्यायच्या) भोकातून काढून लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) भोकात लावली. दोन्ही राऊटर बंद करून सुरू केले. तेव्हापासून आईंच्या फोनवर चिन्ह नाही असं एकदाही झालेलं नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की फोन वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आणि टीव्ही २.४ च्या पट्ट्यावर असला तर कास्टिंग होत नाही. एकाच राऊटरचे दोन पट्टे असतील तर ते सहसा एकच नेटवर्क असतं, त्यामुळे चालायला हवं. काही राऊटर मात्र ही हाक एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर नीट पोचवत नाहीत. शंका असेल तर दोघांना एका पट्ट्यावर आणून बघा, उत्तर लगेच मिळतं.

चिन्ह आलं, तर रात्री नऊ-साडेनऊला चित्र अडकायला लागलं. गोल चक्र फिरतंय, बुवांचा अभंग अर्ध्यात थांबलाय. इंटरनेटचा वेग मोजला तर भरपूर. १०८० पी चित्राला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट येत होते. अडचण होती ती राऊटर आणि टीव्हीमधल्या सहा फुटांत. जुना राऊटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आणि रात्री नऊला आख्खा मजला घरी असतो. शिवाय राऊटर होता लोखंडी कपाटाच्या मागे, तेही काढून बाहेर ठेवलं. चॅनेल बदलून थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

शेवटी दोन मीटरची लॅन केबल आणली आणि टीव्ही थेट आतल्या राऊटरला जोडला. टीव्ही केबलवर आणि फोन वायफायवर असला तरी नेटवर्क एकच असलं की कास्टिंग होतं, हे मला आधी माहीत नव्हतं. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचंच असतं. तेवढं फोर के चित्रालाही पुष्कळ होतं. आठ महिन्यांत मी केलेला सगळ्यात चांगला खर्च कोणता म्हणाल तर ही केबल. आमच्यासारख्या दाटीच्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: शक्य असेल तर टीव्ही वायरवर आणा.

ज्यांचा टीव्ही जुना आहे आणि मागे कास्टिंगची कांडी लावतात, त्यांच्यासाठी बहिणीच्या घरचा अनुभव. कांडीला टीव्हीच्याच यूएसबीमधून वीज दिली होती, ती सारखी बंद-चालू व्हायची. काही टीव्हींच्या यूएसबीतून अर्धा अँपिअरच मिळतो. कांडीसोबत आलेला चार्जर लावला आणि एचडीएमआयच्या छोट्या वायरने तिला टीव्हीच्या पाठीपासून थोडी बाजूला आणली. तेवढ्याने भागलं.

गणपतीत घर भरलं. पाहुण्यांसाठी मी राऊटरवर गेस्ट नेटवर्क चालू केलं होतं. भाचा म्हणाला, "मामी, तुमचा टीव्ही माझ्या फोनवर दिसतच नाही." बरोबरच होतं. गेस्ट नेटवर्क घरातली बाकी उपकरणं मुद्दाम लपवतं. कोणी लग्नाचे फोटो दाखवायला आलं आणि टीव्ही सापडत नसेल, तर हे आधी बघा. आम्ही त्याला घरच्या वायफायवर घेतलं, तर दुसरीच गंमत. आई राजाचं थेट दर्शन पाहत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना आता रांगेत उभं राहवत नाही, दारात लालबाग असून दर्शन पडद्यावरच. आणि ते मध्येच थांबलं. भाच्याच्या अँड्रॉइड फोनवर आमच्या टीव्हीचं नोटिफिकेशन आलं होतं, त्याने नकळत थांबवायचं बटण दाबलं. एकाच वायफायवरच्या अँड्रॉइड फोनांना अशी सूचना येऊ शकते. फोनच्या गूगल सेटिंगमध्ये कास्टचे पर्याय असतात, तिथे ती बंद करता येते. त्या पोराने कान पकडले, आणि आईंनी त्याच्या हातावर मोदक ठेवला.

कास्टिंग आणि मिररिंग यांतला फरक घरातल्या सगळ्यांना समजावायला मला बराच वेळ लागला, पण तो कळला की निम्मे प्रश्न सुटतात. कास्ट केल्यावर टीव्ही स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ घेतो, फोन नुसता रिमोट असतो. फोन लॉक करा, फोन आला तर बोला, कीर्तन चालूच राहतं. मिररिंगमध्ये फोनचा पडदाच जसाच्या तसा टीव्हीवर जातो. फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते, आवाज मागेपुढे होतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज सगळ्यांना दिसतात. ओटीटीचा सिनेमा मिरर केला की आवाज येतो पण पडदा काळा. मुलीने ऑक्टोबरात त्यावर एक संध्याकाळ घालवली. तो बिघाड नाही, कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप आहे. अ‍ॅपमध्ये कास्टचं चिन्ह असेल तर ते वापरा, नाहीतर टीव्हीवरच ते अ‍ॅप उघडा.

मुलीचा आयफोन आहे. त्यात आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक अ‍ॅपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी वेगळी द्यावी लागते. तिने घाईत नाही म्हटलं होतं, त्यामुळे तिला टीव्ही दिसत नव्हता. आणि माझ्या स्वतःच्या फोनवर ऑफिसचं व्हीपीएन चालू असलं की चिन्ह गायब. बंद केलं की हजर.

आईंसाठी मात्र मी आणखी एक सोय करून ठेवली. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही कोडने जोडा' असा पर्याय आहे. पडद्यावर येणारा आकडा फोनच्या यूट्यूबमध्ये एकदा टाकला की तो फोन त्या टीव्हीशी जोडलेला राहतो, मग फोन वायफायवर नसून मोबाइल डेटावर असला तरी चालतं. हे मला मे महिन्यातच कुणी सांगायला हवं होतं.

टीव्हीचा एकच दोष आठ महिन्यांनंतरही शिल्लक आहे. तीन-चार आठवडे सलग चालला की तो मंद होतो, आणि फोनवर नाव दिसूनही जोडणी लागत नाही. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरं तर झोपलेला असतो, पुरता बंद नसतो. बोर्डावरचं बटण बंद करून मिनिटभर थांबावं लागतं. दिवे जाऊन आले की राऊटरला उठायला दोन मिनिटं लागतात आणि टीव्ही त्याआधीच नेटवर्क शोधून थकलेला असतो, तेव्हाही हाच उपाय. आधी राऊटर, तो पूर्ण सुरू झाला की मग टीव्ही.

परवा मी ऑफिसातून आले तेव्हा आई बोर्डापाशी उभ्या होत्या, डोळे मिटून, हात बटणावर. मी विचारलं, "काय झालं आई?" त्यांनी बोटाने थांब अशी खूण केली, पुटपुटत असलेलं स्तोत्र पुरं केलं आणि बटण दाबलं. "एक मिनिट बरोब्बर होतं," म्हणाल्या. थोड्या वेळाने आतून मृदंगाचा आवाज आला.